प्रमिलाबाईची पिवळी कर्दळ

शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरी गावात कुणाच्या अंगणात काय फुललंय ते प्रमिलाबाईला खुशाल विचारावं, फक्त धाकट्या जावेच्या, रुपाच्या दारचं विचारू नये. विचारलंच तर ती आधी पदर खोचेल, मग नाक मुरडेल आणि म्हणेल, "तिन्हं काय शे, गवत शे गवत!" आणि मग त्या गवताचं पान केवढं, कळी कधी धरते, काल किती फुलली आणि आज किती, हे सगळं न विचारता सांगून मोकळी होईल.

प्रमिलाबाई म्हणजे सुकलाल पाटलाची बायको. वय छप्पन्न, घरी केळी आणि ऊस, हाताला सतत माती. पस्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेले लाल कर्दळीचे चार कंद होते. सासू ओरडेल या भीतीने दोन दिवस तिने ट्रंक उघडीच केली नाही. तिसऱ्या दिवशी सासूनेच, भिकुबाईने, ते फडकं बाहेर काढलं, कंद हातात घेऊन पाहिले आणि कुदळ आणली. मोरीचं पाणी जिथून अंगणात उतरतं तिथे खड्डा खणला आणि सुनेला म्हणाली, "लाव." सासू-सुनेचं पहिलं बोलणं ते एवढंच.

पण तेव्हापासून कर्दळ त्या दोघींची झाली. अंघोळीचं पाणी तिला, चुलीची राख तिला. वैशाखात शहाद्याकडचं ऊन घराच्या पत्र्यालाही सोसत नाही, पण कर्दळ उभीच. रोज संध्याकाळी दोघी ओट्यावर बसत, तूर नाहीतर गहू निवडत, आणि भिकुबाई मान उंचावून फुलं मोजत असे. "आज पाच उमलनात व प्रमिला." कधी सात, कधी दोन. दिवसभर शेतात राबून आलेल्या प्रमिलाबाईला तो आकडा ऐकला की जेवण गोड लागायचं.

आता हे सगळं सुरळीत चाललं असताना धाकटा दीर हेमकांत सुरतेची नोकरी सोडून बायकोसह गावी परत आला. अंगणाच्या पलीकडच्या जागेत त्याने घर बांधलं. मधे भिंत नाही, अंगण एकच. हेमकांतची बायको रुपा. टेम्पोतून फ्रिज उतरला, कपाट उतरलं, सोफा उतरला, आणि सगळ्यात शेवटी रुपाने स्वतःच्या हाताने एक बादली उतरवली. बादलीत माती, मातीत कंद.

"काय शे हाई?" प्रमिलाबाईने विचारलं.

"सोनटक्का, ताई. सुरतले गॅलरीमा व्हता."

प्रमिलाबाईने वाकून पाहिलं. पान साधारण कर्दळीसारखंच, पण अरुंद, भाल्यासारखं. मनात म्हटलं, लाव बाई लाव, आमच्या उन्हात तुझी गॅलरी टिकते का बघू.

टिकली हो! त्याचंच तर दुःख. रुपाने सोनटक्का कडुनिंबाच्या सावलीला लावला, धुण्याभांड्याचं पाणी दिलं, उन्हाळ्यात गोणपाट ओला करून पांघरलं. दुसऱ्या श्रावणात संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला पांढरीशुभ्र फुलं उमलली आणि वास असा सुटला की गल्लीतून जाणारी बाई थांबून विचारायची, "हाई काय फुलनं व?" कर्दळीपाशी इतक्या वर्षांत कुणी थांबलं नव्हतं.

मग प्रमिलाबाईच्या डोक्यात रोजचा खटला सुरू झाला. फिर्यादी तीच, वकील तीच, न्यायाधीशही तीच. कर्दळ बारा महिने फुलते, सोनटक्का चार महिने. बाकी वेळ नुसती पानं. कर्दळीला कुठेही लावा, सोनटक्क्याला सावली पाहिजे, ओल पाहिजे, लाड पाहिजेत. कर्दळीचं फूल लांबून, पार रस्त्यावरून दिसतं. सोनटक्क्याचं फूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मान टाकतं. कर्दळीचं पान जेवायला घेता येतं, देवाला लावता येतं. निकाल दर वेळी कर्दळीच्या बाजूने लागायचा. आणि तरी संध्याकाळी वारा फिरला की निकाल पार फिसकटायचा, कारण कर्दळीला वास नाही. एवढी एकच गोष्ट नाही.

तेही तिने पचवलं असतं. पण खुर्ची तिला पचली नाही.

भिकुबाईचे गुडघे धरायला लागले तेव्हा प्रमिलाबाईने शहाद्याहून एसटीच्या टपावर टाकून तिच्यासाठी निळी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती. ती खुर्ची ओट्यावर, कर्दळीसमोर असायची. सोनटक्का फुलला त्या वर्षी एका संध्याकाळी प्रमिलाबाई शेतातून आली तर ओट्यावर खुर्ची नाही. पाहते तर खुर्ची कडुनिंबाखाली आणि भिकुबाई डोळे मिटून बसलेली. "काय वास शे व रुपा! जीव थंडा व्हई गया."

प्रमिलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची माझी, सासू माझी, इतकी वर्षं अंगाला तेल मी चोळलं, आणि जीव थंड कुणाच्या दारात? त्या दिवशीच्या भाकरी फार जाड झाल्या.

मग रोजचंच झालं. दुपारचा चहा झाला की म्हातारी ओट्याच्या कडेवरून हात फिरवत, सावकाश पावलं टाकत रुपाकडे जाणार. पायरीपाशी रुपा पुढे होऊन तिचा हात धरणार. किती ते कौतुक, प्रमिलाबाई खिडकीतून बघत म्हणायची. आमच्या ओट्यावरून उतरताना कुणाचा हात लागत नव्हता कधी. आणि फुलं मोजणं तर भिकुबाईने सोडूनच दिलं होतं. "कर्दळ कशी शे आत्या?" असं आपण होऊन विचारलं तर म्हणायची, "छान शे." छान शे! किती ते सांगायची सोय नाही.

प्रमिलाबाई हट्टाला पेटली. गेल्या वर्षी फाल्गुनात ती शहाद्याच्या नर्सरीत गेली आणि तासभर घासाघीस करून पिवळ्या कर्दळीचा कंद घेऊन आली. पिवळ्याधमक पाकळ्या, त्यावर लाल ठिपके. अख्ख्या ब्राह्मणपुरीत तसली नव्हती. ज्येष्ठात पहिलं फूल उमललं तेव्हा तिने सासूला हात धरून आणलं, अगदी फुलासमोर उभं केलं.

"देखा आत्या."

भिकुबाईने मान हलवली. "काय लालभडक फुलनी शे व माय!"

लालभडक! प्रमिलाबाईला वाटलं, कुणी कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं. समोर ढळढळीत पिवळं फूल आणि ही बाई लाल म्हणते. म्हणजे बघायचीसुद्धा तसदी नाही. चित्त सगळं कडुनिंबाखाली. त्या दिवसापासून तिने सासूला कर्दळीबद्दल विचारणं बंद केलं.

दोन महिन्यांनी श्रावण आला. आपल्या खान्देशात श्रावण म्हणजे कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात नारळाची देवी बसवायची, तिला नथ घालायची, ओढणी घालायची, रात्र जागवायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवायची. भाऊबंदांची कानबाई थोरल्याच्या घरी, म्हणजे प्रमिलाबाईकडे. चौरंगाच्या दोन्ही बाजूंना फुलापानांसकट कर्दळ बांधायची, ही या घरची चौतीस वर्षांची रीत. ती रीत प्रमिलाबाईनेच पाडलेली.

कानबाईच्या आदल्या गुरुवारी भिकुबाई कडुनिंबाखालून म्हणाली, "यंदा कानबाईले सोनटक्कानी वेणी करूत. देवीले बी वास येवू दे."

एवढंच म्हणाली. कर्दळ नको असं काही म्हणाली नाही. पण ज्याच्या पोटात आधीच दुखतंय त्याला तेवढंही पुरतं.

शुक्रवारी रुपा कानबाईची नथ-ओढणी आणायला शहाद्याला गेली. सुकलाल आणि हेमकांत केळीत होते. भिकुबाई आत लवंडलेली. भर दुपारी प्रमिलाबाई खुरपं आणि घमेलं घेऊन कडुनिंबाखाली आली. कमरेपेक्षा उंच वाढलेली रोपं, प्रत्येकाच्या टोकाला हिरवी कणसासारखी कळी, रविवारी नक्की उमलली असती. तिने एकेक धरून आडवी केली, पायाने तुडवली, खालची माती उकरली. उसातून रानडुकरं येतात आणि कंद उकरतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अगदी तसंच दिसायला हवं म्हणून माती इकडेतिकडे उडवली. मग कंद गोळा केले. ते उकिरड्यावर फेकायचे असं तिने ठरवलं होतं. उकिरड्यापर्यंत गेलीही. पण चौतीस वर्षं कंद लावणारा हात, तो काही जिवंत कंद फेकायला धजेना. शेवटी तिने घमेलं गोठ्यात नेलं आणि गोवऱ्यांखाली लपवलं.

साबणाने दोनदा हात धुतले. चहा टाकला, सासूला उठवलं, कप हातात दिला.

भिकुबाईने कप तोंडाशी नेला आणि थांबली. "च्यामा अद्रक टाकं का व?"

"नही आत्या. अद्रक सरी गई."

"मंग वास कसाना येस?"

आल्याचा वास चहाला नव्हता, तिच्या हाताला होता. सोनटक्का आल्याच्याच कुळातला. त्याचा कंद मोडला की अगदी आल्यासारखा वास सुटतो, आणि साबणाने जात नाही. कर्दळीच्या कंदाला वास म्हणून नाही, त्यामुळे ही गोष्ट तिला आजवर माहीतच नव्हती. दुसऱ्याचं झाड कधी हातात घेतलं असतं तर कळलं असतं. तिने हात पदरात गुंडाळले. भिकुबाई चहा प्यायली आणि कप खाली ठेवला.

रुपा संध्याकाळच्या गाडीने आली. पिशवी हातातून सुटली तिच्या. आडव्या पडलेल्या रोपांजवळ ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली, आणि प्रमिलाबाईने खिडकीतून ते सगळं पाहिलं. गोड वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोला, घटकाभर फार गोड वाटलं.

मग रुपा उठली, परसातून बाभळीच्या काट्यांची मोळी ओढत आणली आणि थेट प्रमिलाबाईच्या कर्दळीपाशी आली.

"काय करी ऱ्हायनी?" प्रमिलाबाई धावतच बाहेर आली.

"डुकरं व्हतीन ताई. आज मन्हं खाधं, सकाय तुमन्हं खातीन. कानबाई तोंडवर उनी. कर्दळले काटा लावी देस." आणि हाताला काटे टोचत असताना तिने कर्दळीभोवती कुंपण घातलं. स्वतःच्या वाफ्याकडे वळूनही पाहिलं नाही, तिथे राखायला होतंच काय!

आली मोठी उपकार करायला, असं प्रमिलाबाई मनात म्हणाली खरी. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

रविवारी दिवेलागणीला कानबाई बसली. भाऊबंदांच्या बायका जमल्या, पुरणाचे रोट झाले, गाणी सुरू झाली. चौरंगाच्या दोन्ही बाजूंना प्रमिलाबाईने मुद्दाम ती पिवळी, ठिपक्यांची कर्दळ बांधली होती. सोनटक्क्याचं फूल यंदा नव्हतंच घरात. बायका म्हणाल्या, "काय झ्याक पिवयं फूल शे व!" प्रमिलाबाईची मान ताठ झाली. जिंकली होती ती.

रुपाने भिकुबाईला धरून आणलं, चौरंगासमोर बसवलं. म्हातारीने देवीला हात जोडले, मग चाचपत कर्दळीच्या पानावर हात ठेवला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देखा वं, मन्ही प्रमिलानी कर्दळ! कितली लालभडक फुलनी."

गाणं थांबलं. एक पोरगी फिस्सकन हसली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"हाव आत्या," रुपा घाईघाईने म्हणाली, "लालच शे." आणि हसणाऱ्या पोरीकडे तिने असे डोळे वटारले की ती गप्पच झाली.

प्रमिलाबाईच्या हातातली आरती तशीच राहिली. ओट्याच्या कडेवरून फिरणारा हात. मोजून टाकलेली पावलं. पायरीपाशी पुढे होणारी रुपा. बंद झालेला आकडा. हे सगळं दोन वर्षं तिने खिडकीतून रोज पाहिलं होतं, आणि पाहून रोज फक्त जळली होती. म्हातारीला दिसत नव्हतं. आणि ते रुपाला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी सगळे कानबाईला घेऊन नदीवर गेले. प्रमिलाबाई डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली. भिकुबाई ओट्यावर खुर्चीत होती. प्रमिलाबाई तिच्या पायाशी येऊन बसली आणि रडायलाच लागली.

"समजनं ना?" भिकुबाई म्हणाली. "दोन वरीस व्हयनात. पहिले धुपट, धुकासारखं दिखे, आते तेबी नही. नुसता उजेड समजस."

"रुपाले सांगं, आनि मले नही?" रडता रडताही तिला पहिली आठवण तीच झाली.

"तिले नही सांगं व. मी पायरीवर पडाले व्हयनू, तवय तिले समजनं. मीच तिले गळानी आन घाली, प्रमिलाले सांगू नको." म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुले कोनता तोंडे सांगू? तू रोज पुसस, कर्दळ कशी शे आत्या. दिखत नही म्हनी टाकतू तर तुन्हं मन मोडी जातं. म्हनीसन छान शे, छान शे करू. कर्दळले वास ऱ्हाता ना माय, तर मी आठून हाल्नूच नसतू."

प्रमिलाबाई हुंदका आवरून म्हणाली, "ते फूल पिवयं व्हतं, आत्या."

"मंग तवयच बोलनी का नही?"

"मले वाटनं तुम्ही देखतच नही."

"देखतच नव्हतू व," भिकुबाई म्हणाली. आणि तिचा हात हुंगून, "कंद कथा शेतस?"

"गवऱ्यासना खाले."

"वाळनात नही ना?"

"नही. मी रोज पानी शिपडं."

खरंच शिंपडलं होतं. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, चोरून.

रुपा नदीवरून आली तेव्हा प्रमिलाबाई घमेलं घेऊन कडुनिंबाखाली उभी होती. "डुकर नव्हतं, रुपा. मी व्हतू."

रुपाने घमेल्याकडे पाहिलं, कर्दळीभोवतीच्या काट्यांकडे पाहिलं. तिच्या बोटांवरचे ओरखडे अजून ताजे होते. "मी तुमना कर्दळले काटा लावा, ताई," ती म्हणाली. "तुमना!" घमेलं हिसकावून घेतलं आणि दार लावून घेतलं. पुढे आठ दिवस ती थोरल्या जावेशी एक अक्षर बोलली नाही. प्रमिलाबाईने ते आठ दिवस निमूट काढले, काढायलाच हवे होते. कंद मात्र रुपाने त्याच संध्याकाळी लावले.

शहाद्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, उरलेला उजेड टिकावा म्हणून थेंब घाला म्हणाले. थेंब प्रमिलाबाई घालते. दुसऱ्या कुणाला ती बाटली हातात घेऊ देत नाही.

आता या श्रावणात सोनटक्का पुन्हा फुललाय आणि भिकुबाई पुन्हा रुपाकडे जाते. प्रमिलाबाई सुधारली असं कुणी समजू नये. संध्याकाळी तो वास आला की ती अजून नाक मुरडते, आणि गवत ते गवतच. पण निघण्याआधी म्हातारी कर्दळीपाशी थांबते आणि विचारते, "आज कितला उमलनात व प्रमिला?" प्रमिलाबाई सांगते. किती लाल, किती पिवळी, कुठलं पुरतं उघडलंय, कुठलं अर्धं, कुठल्या पाकळीवर किती ठिपके. आणि पलीकडे रुपाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगते. वास काय, नाक असेल त्या कुणालाही मिळतो. रंग मात्र भिकुबाईला प्रमिलाबाईच्याच तोंडून घ्यावा लागतो.

परवा दुपारी कुणाची तरी बकरी सुटली आणि कर्दळीची एकूण एक फुलं खाऊन गेली. नुसते दांडे राहिले. संध्याकाळी भिकुबाई काठी टेकत ओट्याच्या कडेला आली, कर्दळीसमोर थांबली. रुपा नेहमीप्रमाणे हात धरायला आली होती, तिने दांडे पाहिले.

"आज कितला उमलनात व प्रमिला?"

प्रमिलाबाईने दांड्यांकडे पाहिलं, मग रुपाकडे पाहिलं.

"पाच, आत्या," प्रमिलाबाई म्हणाली. "चार लाल, एक पिवयं."

"छान शे," भिकुबाई म्हणाली, आणि रुपाचा हात धरून पायरी उतरली.